लाल बटणामागची उतरंड : व्होल्टेज दुप्पट कसं होतं आणि उलटं कसं होतं?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी भारतातून अमेरिकेत डेस्कटॉप कॉम्प्युटर आणलेली किंवा इथला कॉम्प्युटर तिकडे नेलेली बरीच मंडळी या ब्लॉगच्या वाचकांत असतील. त्या डब्याच्या मागच्या बाजूला, पॉवर कॉर्डच्या शेजारी, नखाने सरकवायचं एक छोटं लाल बटण असायचं. त्याच्या एका बाजूला ११५ लिहिलेलं असे आणि दुसऱ्या बाजूला २३०. तेव्हा प्रत्येक जाणकाराचा सल्ला ठरलेला होता: "प्लग लावायच्या आधी ते बटण बघ."

बटण विसरल्याचे परिणाम मात्र दोन्ही दिशांना सारखे नव्हते. भारतातून येताना ते २३० वरच राहिलं, तर इथल्या १२० व्होल्टवर कॉम्प्युटर बहुधा नुसता सुरू व्हायचा नाही. बटण सरकवलं की काम झालं. उलट ११५ वर ठेवलेला कॉम्प्युटर भारतातल्या २३० व्होल्टला जोडला, तर फट्‌कन आवाज, जळका वास आणि नवीन पॉवर सप्लायचा खर्च.

हे बटण आत नेमकं काय करत असेल? आत दोन वेगवेगळे ट्रान्सफॉर्मर असावेत, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते फक्त एक तार जोडतं किंवा तोडतं. त्या एका तारेने व्होल्टेज दुप्पट होतं. ही युक्ती समजली, की डास मारायच्या रॅकेटपासून फोनच्या मेमरीपर्यंत आणि अणू फोडणाऱ्या यंत्रापर्यंत बऱ्याच गोष्टी एकाच धाग्यात ओवता येतात.

घागर भरायची आणि ओट्यावर ठेवायची

या साऱ्या सर्किटांमध्ये मुख्य पात्रं दोनच आहेत: कपॅसिटर आणि डायोड.

कपॅसिटर म्हणजे विद्युतभाराची घागर. ९ व्होल्टच्या बॅटरीला तो जोडला, की त्याच्या दोन टोकांमध्ये ९ व्होल्टचा फरक साठतो. बॅटरी काढून घेतली तरी तो फरक काही काळ टिकतो. डायोड म्हणजे एकेरी झडप. करंट त्यातून एकाच दिशेने जातो, परत येऊ शकत नाही.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. कपॅसिटर फक्त आपल्या दोन टोकांमधला फरक लक्षात ठेवतो. आपण जमिनीपासून किती उंचीवर आहोत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हातभर उंचीची भरलेली घागर हातभर उंचीच्या ओट्यावर ठेवली, तर पाण्याचा पृष्ठभाग जमिनीपासून दोन हात उंच होतो. घागरीतलं पाणी वाढलेलं नसतं, घागर फक्त वर गेलेली असते.

कपॅसिटरचंही तसंच. त्याचं ऋण टोक जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टला, जोडून तो ९ व्होल्टपर्यंत भरला. मग ते ऋण टोक शून्यावरून उचलून बॅटरीच्या ९ व्होल्टवर नेऊन ठेवलं. आता त्याचं धन टोक जमिनीपासून १८ व्होल्टवर असेल. डायोड हे बघतो, की वर गेलेला भार बॅटरीकडे परत न घसरता पुढच्या कपॅसिटरमध्येच जाईल. भरा, उचला, ओता, पुन्हा खाली आणा. हे चक्र सेकंदाला हजारो वेळा चालवलं, की दुप्पट व्होल्टेजचा सतत पुरवठा मिळतो. इंग्रजीत याला 'चार्ज पंप' म्हणतात आणि ते नाव चपखल आहे.

आता लाल बटणाकडे येऊ. घरातलं १२० व्होल्ट एसी म्हणजे दर क्षणी १२० व्होल्ट नव्हे. ते अधिक १७० आणि उणे १७० यांच्या दरम्यान सेकंदाला ६० वेळा हेलकावे खातं. १२० हा त्याचा परिणामकारक आकडा, १७० हा शिखराचा. भारतातल्या २३० व्होल्टचं शिखर असतं ३२५. जुन्या पॉवर सप्लायमध्ये दोन जाडजूड कपॅसिटर एकावर एक, उतरंडीसारखे, जोडलेले असत. बटण २३० वर असताना चार डायोडचा पूल त्या संपूर्ण उतरंडीला ३२५ व्होल्टपर्यंत भरायचा. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १६२ व्होल्ट.

बटण ११५ वर नेलं, की एसीची एक तार दोन कपॅसिटरच्या मधल्या सांध्याला जोडली जायची. मग हेलकाव्याच्या एका अर्ध्या भागात वरचा कपॅसिटर १७० व्होल्टपर्यंत भरायचा, दुसऱ्या अर्ध्या भागात खालचा. दोघांची बेरीज ३४०. म्हणजे भारतात ३२५ आणि अमेरिकेत ३४०, पुढच्या सर्किटच्या दृष्टीने जवळजवळ एकच! त्याला आपण कुठल्या देशात आहोत याचा पत्ताही लागत नसे.

फट्‌ आवाजाचं कारणही आता दिसेल. ११५ च्या जोडणीत २३० व्होल्ट दिले, तर प्रत्येक कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरू पाहतो. ते सहसा २०० व्होल्ट सोसतील एवढ्याच बेताचे असत. पुढचं सांगायला नको.

आजच्या लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं. त्यांची सर्किटं एवढ्या सगळ्या व्होल्टेजवर आपोआप जुळवून घेतात, म्हणून ते बटण नाहीसं झालं.

११० व्होल्ट पुरत नाहीत, ही जुनी तक्रार

गंमत म्हणजे या युक्तीचा जन्मही याच तक्रारीतून झाला. हाइनरिश ग्राइनाखर या स्विस भौतिकशास्त्रज्ञाने किरणोत्सर्गाचं मापन करणारं एक उपकरण बनवलं होतं. त्याला दोनशे ते तीनशे व्होल्ट हवे होते आणि तेव्हा झ्युरिकच्या वीज केंद्राकडून मिळत होते ११० व्होल्ट एसी. त्यावर उपाय म्हणून त्याने व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट शोधलं आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे त्याने विचार केला, की दुप्पट झालेल्या व्होल्टेजवर आणखी एक जोडी का ठेवू नये? आणि त्यावर आणखी एक? ही शिडी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

दहा वर्षांनी केंब्रिजमध्ये जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी तीच शिडी लाखो व्होल्टपर्यंत नेली. त्या व्होल्टेजने वेग दिलेले प्रोटॉन त्यांनी लिथियमवर आदळवले. एप्रिल १९३२ मध्ये लिथियमचं अणुकेंद्र फुटून त्याचे दोन हीलियम केंद्रकांत तुकडे झाले. माणसाने कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्र फोडल्याची ती पहिलीच वेळ होती. दोघांना १९५१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि शिडीला त्यांचं नाव चिकटलं. ग्राइनाखरचं नाव मागे पडलं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही १९५० च्या दशकात दहा लाख व्होल्टचा कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन प्रवेगक होता. इथे अमेरिकेत शिकागोजवळच्या बटेव्हिया गावातल्या फर्मीलॅबमध्ये असंच यंत्र २०१२ पर्यंत रोजच्या कामात होतं. तिथल्या अवाढव्य प्रवेगक साखळीची ती पहिली पायरी होती. त्याचा हिशोब तोंडी करता येतो: ७५ हजार व्होल्टचं एसी, प्रत्येक टप्प्यावर दुप्पट म्हणजे दीड लाख, असे पाच टप्पे, एकूण साडेसात लाख व्होल्ट. चकचकीत धातूचे गोलाकार घुमट आणि त्यांना जोडणारे खांब, असं ते दृश्य जुन्या विज्ञानपटातलंच वाटे. तत्त्व मात्र लाल बटणामागचंच होतं.

आणि हो, भारतातून येताना बॅगेत हमखास असणारी डास मारायची रॅकेट! तिच्या मुठीत आधी बॅटरीच्या डीसीचं एसी होतं, मग चिमुकला ट्रान्सफॉर्मर ते वाढवतो आणि शेवटी डायोड-कपॅसिटरची छोटी शिडी ते आणखी काही पट करते. जाळीवर हजार व्होल्टच्या घरातलं व्होल्टेज येतं ते असं.

बॅटरी तर हेलकावे खात नाही, मग?

वरच्या उदाहरणांत एसी आयतंच होतं किंवा आत मुद्दाम तयार केलेलं होतं. बॅटरीचं डीसी मात्र स्थिर असतं. ते कपॅसिटरला भरेल, पण उचलणार कोण? त्यासाठी एक हलवणारा हात लागतो: आपलं टोक एकदा शून्यावर, एकदा बॅटरीच्या व्होल्टेजवर, असं भराभर नेणारा. ५५५ नावाची टायमर चिप किंवा चार ट्रान्झिस्टरचे स्विच हे काम आरामात करतात.

हा हात मिळाला, की आणखी एक करामत जमते, आणि मला ती दुप्पट करण्यापेक्षाही सुंदर वाटते: व्होल्टेज उलटं करणं. कपॅसिटर भरून घ्या. आता ऋण टोक वर उचलण्याऐवजी धन टोक खाली आणून जमिनीला टेकवा. टोकांमधला ९ व्होल्टचा फरक तसाच आहे. धन टोक शून्यावर असेल, तर ऋण टोक कुठे जाईल? शून्याच्या ९ व्होल्ट खाली, म्हणजे उणे ९. घागर ओट्यावर न ठेवता खड्ड्यात उतरवली, एवढाच फरक.

उणे व्होल्टेज कशाला हवं? इंजिनिअरिंग भारतात केलेल्यांना ८०८५ मायक्रोप्रोसेसर आठवत असेल. त्याच्या आधीच्या, १९७४ च्या इंटेल ८०८० ला तीन वेगवेगळे पुरवठे लागत: अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट. १९७६ मध्ये आलेल्या ८०८५ चं एक मोठं कौतुक हे होतं, की त्याला फक्त ५ व्होल्ट पुरत. नावातला ५ त्यावरूनच. पुढच्या ८०८६ मध्ये सिलिकॉनच्या तळाला ऋण व्होल्टेज देणारा चिमुकला पंप चिपवरच कोरलेला आहे. म्हणजे उणे व्होल्टची गरज संपली नव्हती. ते बाहेरून आणण्याऐवजी घरातच बनवायला सुरुवात झाली होती.

हेच काम सुटं विकणारी चिप म्हणजे कॅलिफोर्नियातल्या इंटरसिल कंपनीची आयसीएल७६६०. आठ पायांची चिप आणि बाहेर दोन कपॅसिटर. ५ व्होल्ट दिले, की उणे ५ मिळतात. आवाज किंवा सेन्सरचे सिग्नल शून्याच्या वर-खाली दोन्हीकडे जातात, त्यांच्या अँप्लिफायरला असा दुहेरी पुरवठा सोयीचा असतो. तिचीच एक नातेवाईक मॅक्स२३२. जुन्या कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला अधिक आणि उणे अशी दोन्ही व्होल्टेज लागत. ही चिप ५ व्होल्ट घ्यायची, आधी त्याचे १० करायची, मग ते उलटवून उणे १० करायची. चार कपॅसिटरच्या बदल्यात एक अख्खा जादा पॉवर सप्लाय वाचला.

आणि तुमच्या हातातला फोन? त्यातल्या फ्लॅश मेमरीत फोटो साठवताना इलेक्ट्रॉन एका अत्यंत पातळ विद्युतरोधक थरातून ढकलावे लागतात. त्याला २० व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि फोनची बॅटरी असते चार व्होल्टच्या आतबाहेर. उरलेली चढण चिपवरची कपॅसिटरची रांग चढवते. जॉन डिक्सनने १९७६ मध्ये चिपवर बसेल अशी सुधारित शिडी मांडली, तिचेच हे वंशज.

किंमत कुठे मोजायची?

एवढं सगळं सोपं असेल, तर १२० व्होल्टवर भारतातला ७५० वॉटचा मिक्सर चालवायला हीच युक्ती का वापरत नाहीत? कारण इथे फुकट काहीच मिळत नाही आणि किंमत करंटमध्ये मोजावी लागते.

पहिला हिशोब ऊर्जेचा. व्होल्टेज दुप्पट हवं असेल, तर भाराच्या प्रत्येक थेंबाचे बॅटरीला दोनदा पैसे मोजावे लागतात: एकदा कपॅसिटर भरताना आणि एकदा तो उचलताना. बाहेर १० मिलिअँपिअर हवे असतील, तर बॅटरीतून किमान २० जातात. व्होल्ट दुप्पट, करंट निम्मा, गुणाकार तेवढाच.

दुसरा हिशोब खेपांचा. घागर केवढी आणि सेकंदाला खेपा किती, यावर पाणी किती पोचणार ते ठरतं. करंट घेऊ लागलो, की व्होल्टेज थोडं खाली बसतं. ही घट काढायचं सूत्र सोपं आहे: करंट भागिले खेपांची संख्या गुणिले कपॅसिटरची क्षमता. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सेकंदाला ७ हजार खेपा आणि १० मिलिअँपिअर करंट, तर घट साधारण ०.१४ व्होल्ट. चालून जाईल. पण हाच कपॅसिटर सेकंदाला ६० खेपांवर चालवला, तर घट येते सुमारे १७ व्होल्ट, म्हणजे ९ व्होल्टच्या सर्किटातून हाती काहीच लागणार नाही. ६० हर्ट्झवर चालणाऱ्या त्या जुन्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर अंगठ्यापेक्षा जाड का असत, ते यावरून कळेल. मिक्सरसाठी तर ते आणखी मोठे लागतील आणि शेवटी मिळेल ते डीसीच. तिथे लोखंडी ट्रान्सफॉर्मर हाच सरळ उपाय.

तिसरा हिशोब शिडीचा, आणि तो सगळ्यात निष्ठुर आहे. ग्राइनाखरच्या शिडीत वरच्या टप्प्यावर पोचणारा प्रत्येक थेंब खालच्या सगळ्या कपॅसिटरमधून जातो. त्यामुळे टप्पे वाढवले, की घट जवळपास टप्प्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एका टप्प्याची घट १ धरली, तर तेवढ्याच कपॅसिटरच्या पाच टप्प्यांची घट होते ९५. व्होल्टेज पाचपट, घट पंचाण्णवपट! म्हणून फर्मीलॅबच्या यंत्रातही टप्पे पाचच होते. या शिड्या जिथे व्होल्ट भरपूर आणि करंट अगदी थोडा लागतो, तिथेच शोभतात: डास, प्रोटॉन आणि मेमरीतले इलेक्ट्रॉन.

घरी करून बघायचं असेल तर

मुलांच्या सायन्स फेअरसाठी हा छान प्रकल्प आहे आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर तो सुरक्षितही आहे. लागणारं सामान: एक ५५५ चिप, एक १ किलोओहम आणि एक १० किलोओहम रेझिस्टर, वेग ठरवणारा १० नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचे २५ व्होल्टवाले दोन कपॅसिटर, दोन डायोड, ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटर. ५५५ ची नेहमीची सतत चालणारी जोडणी केली, की तिचा आउटपुट सेकंदाला सुमारे ७ हजार वेळा वर-खाली होतो.

दुप्पट करायला: पहिल्या कपॅसिटरचं ऋण टोक ५५५ च्या आउटपुटला लावा. त्याच्या धन टोकाकडे बॅटरीच्या धन टोकापासून एक डायोड आणा आणि तिथून दुसऱ्या डायोडने पुढच्या कपॅसिटरच्या धन टोकाकडे जा. या दुसऱ्या कपॅसिटरचं ऋण टोक जमिनीला. मीटर १८ दाखवणार नाही, १५ च्या आसपास दाखवेल. प्रत्येक डायोड अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःसाठी ठेवतो आणि ५५५ चा आउटपुटही पूर्ण ९ पर्यंत चढत नाही.

उलटं करायला: पहिल्या कपॅसिटरचं धन टोक आउटपुटला लावा. त्याच्या ऋण टोकापासून जमिनीकडे करंट जाऊ देणारा एक डायोड लावा. दुसऱ्या डायोडने दुसऱ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाकडून पहिल्याच्या ऋण टोकाकडे वाट द्या. दुसऱ्याचं धन टोक जमिनीला. मीटरवर उणे ६ च्या आसपास आकडा येईल. आकड्याआधी ते उणे चिन्ह उमटताना बघणं हा मुलांसाठी खरा मजेचा क्षण असतो. नंतर आउटपुटला एक हजार ओहमचा रेझिस्टर लावून व्होल्टेज किती बसतं ते नोंदवायला सांगा. मग चिपच्या छोट्या कपॅसिटरच्या जागी दहापट मोठा लावून खेपा कमी करा आणि पुन्हा नोंदवा. दोन आकड्यांमधला फरक बघितला, की घटीचं सूत्र पाठ करावं लागत नाही.

कपॅसिटरची धन-ऋण टोकं मात्र नीट तपासा. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतो, कधी फुटतो. आणि कुतूहलापोटी जुना कॉम्प्युटर पॉवर सप्लाय किंवा रॅकेट उघडू नका. प्लग काढल्यावरही ती उतरंड भरलेली राहू शकते आणि तिथले तीनशे व्होल्ट जीवघेणे असतात.

शेवटी, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून येणाऱ्या त्या व्हिडिओबद्दल. चार कपॅसिटर, चार डायोड, एक पेन्सिल सेल आणि त्यावर रात्रभर जळणारा २३० व्होल्टचा बल्ब. कुणी काकांनी तो पाठवला, तर वाद घालत बसू नका, एवढा हिशोब पाठवा: ९ वॉटचा एलईडी बल्ब पेटायला दीड व्होल्टच्या सेलमधून सतत ६ अँपिअर खेचावे लागतील. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये एकूण ऊर्जा असते सुमारे ३ वॉट-तास. सेलने एवढा करंट दिला आणि कुठेही काही वाया गेलं नाही असं मानलं, तरी तो बल्ब वीस मिनिटांत विझेल. कपॅसिटर घागर उचलून देतो, पाणी मात्र विहिरीत असेल तेवढंच.